पैसे भरले, तरी चॅनल का दिसत नाही?

गेल्या अंकात केबलच्या बिलातला एकेक आकडा समजावून सांगणारं उत्तर छापलं आणि टीव्हीच्या बॉक्सबद्दलच्या प्रश्नांची रीघ लागली. मी सांगलीत एका केबल नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये निवृत्त होईपर्यंत काम केलं, म्हणून संपादकांनी ही सगळी पत्रं माझ्याकडे दिली. या बॉक्समागची यंत्रणा ग्राहकाला कुणी कधी समजावून सांगतच नाही, याची मला नोकरीत असल्यापासून खंत आहे. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

ताई, मी निवृत्त शिक्षक, वाईला एकटाच राहतो. दोन महिने मुलाकडे राहून आलो. छत्रीचा, म्हणजे डिशचा, रिचार्ज केला, खात्यातून पैसे लगेच गेले, पण पडद्यावर ‘ही वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही’ हेच वाक्य. फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, बॉक्स चालू ठेवा आणि अर्धा तास थांबा. हा वेळकाढूपणा नाही का?

सर, तो मुलगा खरं सांगत होता. फक्त कारण सांगितलं असतं तर तुम्हाला राग आला नसता.

आधी हे लक्षात घ्या, की रिचार्ज संपला तरी सिग्नल तुमच्या घरात येतच असतो. उपग्रहावरून येणारा सिग्नल वाईतल्या प्रत्येक गच्चीवर सारखाच पडतो, पैसे भरलेल्याच्याही आणि न भरलेल्याच्याही. तो कुणाला अडवता येत नाही. अडवलेलं असतं ते त्याचं वाचन.

डिजिटल टीव्हीचं चित्र १८८ बाइटच्या छोट्या पॅकेटांतून येतं. पहिल्या चार बाइटांत हे पॅकेट कशाचं आहे त्याची ओळख असते आणि हा भाग उघडा असतो. उरलेल्या १८४ बाइटांतला मजकूर विस्कटलेला असतो. तो सरळ करायला एक किल्ली लागते, म्हणजे एक मोठा आकडा, आणि तो साधारण दर दहा सेकंदांनी बदलतो. पॅकेटच्या उघड्या भागात दोन बिट असे असतात, की आळीपाळीनं येणाऱ्या दोन किल्ल्यांपैकी या पॅकेटला कुठली लावायची, सम की विषम, हे ते बॉक्सला सांगतात. एक किल्ली वापरात असतानाच पुढची येऊन तयार असते. म्हणून दर दहा सेकंदांनी किल्ली बदलूनही तुमची मालिका अडखळत नाही.

या किल्ल्याही सिग्नलबरोबरच येतात, पण बंद स्वरूपात. त्या उघडण्याचं काम बॉक्समधल्या कार्डाचं. (हल्ली बऱ्याच बॉक्समध्ये वेगळं कार्ड नसतं, तेच काम आतली चिप करते.) कार्ड आधी स्वतःची नोंद तपासतं: या वाहिनीचा हक्क आपल्याकडे आहे का, त्याची मुदत शिल्लक आहे का. असेल तर किल्ली काढून बॉक्सला देतं. नसेल तर देत नाही आणि तुम्हाला ते वाक्य दिसतं.

आता तुमचा अर्धा तास. तुम्ही पैसे भरल्याची नोंद कंपनीच्या संगणकात त्याच क्षणी झाली, पण ती तुमच्या कार्डापर्यंत जायला हवी. छत्रीला फक्त ऐकता येतं, उलट बोलता येत नाही. तुमचा बॉक्स चालू आहे की बंद, हे कंपनीला कळायला काही मार्ग नाही. म्हणून तुमच्या कार्डाच्या नंबरावरचा हुकूम उपग्रहावरून पुन्हा पुन्हा सोडला जातो. पोस्टमननं गावाच्या पारावर उभं राहून सगळ्यांची नावं आळीपाळीनं पुकारावीत तसं हे असतं. आपलं नाव आलं तेव्हा जो हजर असेल त्याला पत्र मिळतं, नसेल त्यानं पुढच्या फेरीची वाट बघायची. नवा हुकूम सुरुवातीला घाईघाईनं पुकारला जातो, मग त्याच्या फेऱ्या विरळ होत जातात. तुम्ही दुपारी पैसे भरले आणि बॉक्स रात्री लावला, तर घाईच्या फेऱ्या निघून गेलेल्या असतात.

काही जण विचारतात, हक्काला मुदत कशाला हवी? ग्राहकानं पैसे थांबवले की बंद करण्याचा हुकूम पाठवावा. पण तो हुकूम चुकवायचा असेल तर माणूस नेमका त्या काळात बॉक्सची पिन काढून ठेवेल. म्हणून हक्क मोजक्या दिवसांचाच देतात आणि मुदत संपायच्या आत नवा पाठवतात. तुमचा बॉक्स दोन महिने बंद होता. त्या काळात कार्डातली मुदत सरली, हे तर होणारच होतं.

तेव्हा असं करा. रिचार्ज करण्याआधीच बॉक्स भिंतीच्या बटणापासून चालू ठेवा. टीव्ही बंद असला तरी चालेल. पैसे भरलेल्या वाहिनीवर बॉक्स लावून ठेवा, कारण काही यंत्रणांत हुकूम सगळ्याच प्रवाहांतून जात नाहीत. तासाभरात चित्र आलं नाही तर फोन करून ‘हुकूम पुन्हा पाठवा’ म्हणून सांगा. आमच्याकडे याला ‘रिफ्रेश मारणे’ म्हणत. त्यानंतरही नाही झालं, तर सक्रिय करण्याचा हुकूम किती वाजता गेला ते विचारा. ही उडवाउडवी करण्याची गोष्ट नाही. प्रत्येक कार्ड कधी चालू केलं, कधी बंद केलं याची नोंद निदान दोन वर्षांची राखता आली पाहिजे, असं ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१७ च्या नियमांत आहे. नोंद त्यांच्याकडे असते. तुम्ही वेळ विचारली की समोरचा नीट बोलू लागतो, हा माझा अनुभव आहे.

मॅच चालू असताना पडद्यावर अचानक एक लांबलचक आकडा आला, कधी डावीकडे, कधी मधोमध, आणि गेला. मुलगी घाबरली, तिला वाटलं कुणीतरी टीव्ही हॅक केला. रिमोटनं तो जाईना. (एक गृहिणी, नागपूर)

घाबरू नका ताई, तो तुमच्याच कार्डाचा नंबर होता. याला ‘फिंगरप्रिंट’ म्हणतात. कुणी पडद्यासमोर कॅमेरा लावून मॅच चोरून दाखवू लागला, तर त्या चोरलेल्या चित्रात हा आकडाही येतो आणि चोरी कुठल्या बॉक्समधून झाली ते कळतं. म्हणूनच नियम असा आहे, की तो चित्राच्या सगळ्यांत वरच्या थरात यावा आणि रिमोटचं कुठलंही बटण दाबून जाऊ नये. जागा बदलत राहते, कारण एकाच कोपऱ्यात आला असता तर चोरानं तेवढा कोपरा झाकला असता.

कधी दोन वेगवेगळे आकडे दिसतील. एक तुमच्या नेटवर्कनं टाकलेला, तो तुमच्या कार्डाचा. दुसरा वाहिनीनं थेट वरून टाकलेला, तो नेटवर्कच्या कंट्रोल रूममधल्या रिसीव्हरचा. त्या आकड्यानं तुमचे पैसे जात नाहीत, कुणी तुमच्याकडे बघत नाही. मात्र त्या वेळी ‘पडद्यावरचा नंबर आणि ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो फोन चोराचा. या आकड्यासाठी ग्राहकानं काहीच करायचं नसतं.

ताई, मी कराडकडच्या एका गावात केबल चालवतो, वडिलांनी सुरू केलेली. त्यांच्या काळात छत्री लावली, अँप्लिफायर जोडला, वायर ओढली की झालं. आता चॅनल गेला की लोक माझ्या दारात येतात आणि माझ्या हातात काहीच नसतं. एवढी कुलपं कशासाठी आणली?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्यासारख्यांचे फोन मी उचलले आहेत, त्यामुळे उत्तर सविस्तर देते.

वडिलांच्या काळात वायरीत जे सोडलं ते सगळ्या घरांत सारखं दिसायचं. वाहिन्या पैसे मागू लागल्या तेव्हा त्यांनी ते घरटी मागितले. घरं किती, हे सांगायचं कुणी? केबलवाल्यानं. केबलवाला नेटवर्कला, म्हणजे त्याला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीला, कमी घरं सांगायचा, नेटवर्क वाहिनीला त्याहून कमी सांगायचं आणि वाहिनी हे गृहीत धरूनच दर वाढवायची. खरा आकडा कुणाच्याच वहीत नव्हता. दर वर्षी भांडण, मग वाहिनी बंद, मग लोकांचा मोर्चा केबलवाल्याच्या दारात. एका बाजूला सरकारचा करमणूक कर बुडायचा, दुसऱ्या बाजूला ज्या आजीला फक्त कीर्तन आणि बातम्या हव्यात तीही इंग्रजी सिनेमांच्या वाहिन्यांचे पैसे भरायची.

तेव्हा माझ्या मते या कुलपांचं मूळ कारण चोरी हे नव्हतं, मोजणी हे होतं. प्रत्येक घरात एक नंबराचं कार्ड बसवलं की घरं आपोआप मोजली जातात. अडवणूक त्याच यंत्रणेतून मिळते.

२००२ साली केबल कायद्यात दुरुस्ती करून ‘कॅस’ आणलं, म्हणजे पैशाच्या वाहिन्या कुलूप लावून पाठवायच्या. २००३ मध्ये चार महानगरांत ते सुरू करायचं ठरलं, पण खऱ्या अर्थानं रुजलं एकट्या चेन्नईत. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत ते यायला २००६ चं वर्ष संपलं, तेही न्यायालयानं लावून धरल्यावर. तेव्हा ट्रायनं पैशाच्या प्रत्येक वाहिनीला महिना ५ रुपये ही कमाल किंमत ठरवून दिली होती आणि निदान ३० मोफत वाहिन्यांचे मिळून ७७ रुपये. आज ते दर कुणाला खरे वाटणार नाहीत. पुढे २०११ च्या दुरुस्तीनं सगळा देशच डिजिटल करायचं ठरलं. मुंबई ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर ही शहरं मार्च २०१३ च्या अखेरीस, आणि तुमच्या-आमच्या खेड्यांचा नंबर शेवटच्या टप्प्यात, मार्च २०१७ पर्यंत.

ग्राहक जे बघत नाही ते तुम्ही बघितलंच असेल: कुलूप एक नाही, दोन आहेत. आमच्या कंट्रोल रूममध्ये उंच लोखंडी रॅक होते आणि त्यांत एकावर एक रिसीव्हर रचलेले. प्रत्येक रिसीव्हरच्या तोंडाशी त्या त्या वाहिनीच्या कंपनीचं कार्ड आणि वर चिकटपट्टीवर आमच्याच अक्षरात वाहिनीचं नाव. म्हणजे नेटवर्क स्वतःच वाहिनीचं ग्राहक. तिथे वाहिनीचं कुलूप उघडायचं, चित्र मोकळं करायचं, मग शेजारच्या यंत्रात आपलं कुलूप लावून ते वायरीत सोडायचं. नेटवर्कनं वाहिनीचे पैसे थकवले की पहिलं कुलूप बंद होतं आणि तालुक्यातल्या हजारो घरांत, अगदी वेळेवर पैसे भरलेल्या घरांतही, ती वाहिनी एकदम काळी होते. त्या संध्याकाळी फोन खाली ठेवायला उसंत मिळायची नाही. नियमानं अशी वाहिनी बंद करण्याआधी निदान तीन आठवड्यांची नोटीस लागते आणि ग्राहकांना पडद्यावरच्या पट्टीतून सांगावं लागतं. ही पट्टी आली की तिचा फोटो काढून ठेवा आणि गावातल्या लोकांना दाखवा. भांडण वर चाललंय, दादाकडे नाही, हे त्यांना त्यावरून कळतं.

तुमच्या पत्रातली खरी वेदना मला कळते. वायर तुमची, खांबावर पावसात तुम्ही चढता, महिन्याचे पैसे तुम्ही गोळा करता. चालू-बंद करण्याचं बटण मात्र कंट्रोल रूममध्ये. यंत्रणा उभी करताना ग्राहकाची तक्रार ऐकणाऱ्या माणसाच्या हातात काय असावं, याचा विचार झाला नाही, असं मला ठामपणे वाटतं. बऱ्याच नेटवर्कनी आता केबलचालकाला मोबाइलवर लॉगिन दिलं आहे, त्यातून ग्राहकाचा बॉक्स चालू-बंद करता येतो आणि रिफ्रेशही मारता येतं. तुम्हाला दिलं नसेल तर लेखी मागा.

माझं मालेगावात मोबाइलचं दुकान आहे. एक जण ‘सर्व्हर’वाला बॉक्स विकायला ठेव म्हणतोय. किरकोळ पैशांत सगळी चॅनल. चालतात, मी बघितलीत. ठेवू का?

नको भाऊ, ठेवू नका.

तो बॉक्स कसा चालतो ते सांगते. कुणीतरी एक खरं कार्ड घेतं, त्याचे पैसेही भरतं. त्या कार्डानं काढलेली दहा सेकंदांची किल्ली इंटरनेटवरून शेकडो-हजारो बॉक्सना वाटली जाते. म्हणून त्या बॉक्सला छत्री लागते आणि इंटरनेटही सतत लागतं. इंटरनेट तुटलं की दहाएक सेकंदांत चित्र गोठतं. खऱ्या कंपन्या यावर उपाय म्हणून कार्ड आणि बॉक्स यांची जोडी पक्की करतात, म्हणजे कार्डानं दिलेली किल्ली त्याच बॉक्सला कळते, दुसऱ्याला नाही. जिथे ही जोडी कच्ची तिथे हे धंदे चालतात, आणि कंपनीनं यंत्रणा बदलली की एका रात्रीत सगळे बॉक्स बंद पडतात. मग गिऱ्हाईक कुणाच्या दुकानात येणार? त्या विकणाऱ्याचा तर फोनही लागणार नाही.

कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम घातलं. हक्क मोडण्याच्या हेतूनं असं संरक्षण चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिवाय तो बॉक्स गिऱ्हाइकाच्या घरच्या वायफायला जोडलेला राहणार आणि त्यात काय भरलंय ते तुम्हालाही माहीत नाही. तुमच्या दुकानाचं नाव गिऱ्हाइकांच्या भरवशावर उभं आहे, ते यात घालवू नका. चॅनल महाग आहेत ही तुमची तक्रार असेल तर ती रास्त आहे आणि मीही तुमच्याबरोबर आहे. पण त्याची झळ आधी गल्लीतल्या केबलच्या पोरांना बसते, महिन्याच्या दहा-बारा हजारांवर ज्यांचं घर चालतं.

मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगला आहे, छत्रपती संभाजीनगरला. ही किल्ली संगणकानं शोधून काढता येत नाही का?

अगं, प्रश्न छान आहे. युरोपात १९९४ साली ठरलेली जी विस्कटण्याची पद्धत जगभर पसरली, तिची किल्ली ६४ बिटांची. पण त्यातल्या दोन बाइट नुसती बेरीज तपासण्यासाठी असतात, त्यामुळे खऱ्या अर्थानं ४८ बिटच उरतात. पद्धत बरीच वर्षं गुप्त ठेवली होती. २००२ च्या सुमारास एका सॉफ्टवेअरमधून ती बाहेर आली. ४८ बिट आजच्या संगणकाला फार नाहीत, आणि आधीच तयार केलेल्या मोठ्या तक्त्यांच्या मदतीनं काही सेकंदांत किल्ली काढता येते, असं संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलंही. एवढं असून ती इतकी वर्षं टिकली, कारण किल्ली सारखी बदलते. जिथे ती तासन्‌तास तीच राहते, तिथेच धोका मोठा. नव्या पद्धतीत १२८ बिटांची किल्ली आहे. तू प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील, तर विनाकुलपाच्या दूरदर्शनच्या प्रवाहातली १८८ बाइटची पॅकेटं सोडवून बघ. साधं यूएसबी ट्यूनर पुरेल आणि कुणाचा हक्कही मोडणार नाही.

आमच्या शेतातल्या घरी फ्री डिश आहे, तिथे भारताची मॅच डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसते. पुण्याला लेकीकडे केबलवर तोच डीडी स्पोर्ट्स लावला तर भलताच कार्यक्रम. सरकारी वाहिनी सगळीकडे एक नको का? (एक शेतकरी, परभणी जिल्हा)

काका, लेकीच्या केबलवाल्याचा यात दोष नाही. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचा सिग्नल हक्कदार वाहिनीनं प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचा असतो. जाहिरातींचं उत्पन्न वाटून घेतात, हक्कदाराला ७५ टक्के आणि प्रसार भारतीला २५. ज्यांना पैसे भरून बघणं परवडत नाही त्यांनाही भारताची मॅच दिसावी, हा त्यामागचा हेतू.

अडचण अशी झाली, की दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबल आणि छत्रीवाल्या कंपन्यांना सक्तीचं आहे. म्हणजे दूरदर्शनवर मॅच आली की ती पैसे भरणाऱ्या घरांतही फुकट गेली. हक्कासाठी मोठी रक्कम मोजणारी वाहिनी आणि क्रिकेट मंडळ न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: हा सिग्नल दूरदर्शननं स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि स्वतःच्या फ्री डिशसाठीच वापरावा, खासगी केबल आणि डीटीएचवर (छत्रीवाल्या कंपन्यांवर) जाऊ देऊ नये. म्हणून मॅचच्या वेळी दोन प्रवाह निघतात आणि लेकीकडे दुसरा जातो. मला व्यक्तिशः वाटतं, की विश्वचषकाचा अंतिम सामना तरी देशातल्या प्रत्येक पडद्यावर मोकळा असावा. पण आजचा कायदा असा आहे.

माझ्याकडे माळ्यावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉक्स पडलेत. कंपनी बदलली की बॉक्स बदला. मोबाइलचं सिमकार्ड बदलतो तसं कार्ड बदलून का चालत नाही? (लातूर)

चालायला हवं होतं. डीटीएचच्या परवान्यातच अशी अट होती, की बॉक्स एका कंपनीपुरता बांधलेला नसावा, आणि त्यासाठी कुलूप उघडणारं मॉड्यूल, म्हणजे वेगळा काढता-घालता येणारा भाग, बसवायची खाच असावी. प्रत्यक्षात कंपन्यांनी चित्र दाबण्याच्या आणि पाठवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या ठेवल्या, कुलपं वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांची घेतली, आणि मॉड्यूल वेगळं घेण्यापेक्षा सवलतीतला नवा बॉक्सच स्वस्त पडू लागला. केबलच्या बॉक्सवर तर ही अटही नव्हती. एप्रिल २०२० मध्ये ट्रायनं शिफारस केली, की सगळे बॉक्स एकमेकांच्या सेवेला चालावेत आणि टीव्हीतच यूएसबीचं मॉड्यूल लावायची सोय असावी. तुमच्या माळ्याकडे बघून ती कुठवर पोचली ते तुम्हीच सांगू शकता. ग्राहकाच्या हिताचा इतका साधा निर्णय वर्षानुवर्षं रखडावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तीन बॉक्सपैकी एखादा भाड्यानं घेतलेला असेल तर पावती शोधा. भाड्याच्या बॉक्सची अनामत बॉक्स परत केल्यावर मिळायला हवी. विकत घेतलेले असतील तर ते भंगारात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

आई देवरुखला एकटी राहते. रिचार्ज संपला तर सह्याद्रीसुद्धा बंद. जी वाहिनी मोफत आहे तिला कुलूप का? (पुण्याहून एक मुलगी)

कारण केबल कायद्याचं कलम ४अ म्हणतं, की केबलवरची प्रत्येक वाहिनी कुलूप लावूनच पाठवायची, मग ती मोफत का असेना. मोफत याचा अर्थ त्या वाहिनीचे पैसे नाहीत, एवढाच. सिग्नल घरापर्यंत आणण्याचे पैसे वेगळे असतात. खासगी छत्रीवाल्यांकडेही हिशोब असाच चालतो. महिन्याच्या या आकाराची (शुल्काची) कमाल मर्यादा २०१९ पासून १३० रुपये अधिक कर अशी होती, जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ती मर्यादा काढली. आता कंपनी तो स्वतः ठरवते. तो भरला नाही की अख्खा बॉक्स बंद होतो आणि सह्याद्री त्यात सापडते.

आईंना सह्याद्री, बातम्या आणि थोड्या मालिका पुरत असतील तर डीडी फ्री डिश लावून द्या. २००४ च्या डिसेंबरात ही सेवा सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचा रिचार्ज नाही. खासगी वाहिन्या तिथे लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे यादी बदलत राहते. आईंची आवडती मालिका ज्या वाहिनीवर आहे ती तिथे सध्या आहे का, हे आधी बघा. बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चालणारा घ्या, जुना स्वस्त बॉक्स कुणी गळ्यात मारला तर काही वाहिन्या दिसणार नाहीत. आधीच्या कंपनीची छत्री असेल तर ती ठेवता येते, पण दिशा बदलावी लागते. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, तुमच्याकडून आग्नेयेला आणि बराच वर. त्या बाजूला फणस किंवा आंबा आड येत असेल तर पावसाळ्यात पानं ओली झाली की चित्र फुटतं. तेव्हा छत्री बसवणाऱ्याला गच्चीवर जागा ठरवताना झाडाकडे बघायला सांगा, आणि शक्य असेल तर दसऱ्यानंतर बसवा, गच्ची तोवर सुकलेली असते.